हिरव्या तारेचं दुसरं टोक

मी एक जुना लोखंडी रॅक आहे. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी तात्यापाऱ्यातल्या एका कार्यालयात मला उभं केलं. पोटात नेटवर्कची यंत्रं बसवली. पायाशी एक हिरवी तार जोडून वायरमन गंगाधरने ती अंगणात नेली आणि कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात पुरली. चुकून वीज माझ्या अंगात शिरलीच, तर ती या तारेने जमिनीत उतरणार आणि वीज तोडणारं बटण आपोआप पडणार. म्हणून मला कोणीही बिनधास्त हात लावावा.

गंगाधरची बायको सरला तिथेच झाडपूस करायची. खड्डा सुकला की तार निकामी होते, हे नवऱ्याने सांगितल्यापासून ती दर शनिवारी तिथे बादलीभर पाणी ओतायची. बाबू लोक चिडवत, इथं काय आंबा लावला का म्हणून. ती म्हणायची, "झाड नसलं तरी तहान त्यालेही लागते."

सात वर्षं चांगली गेली. मग मोठे साहेब येणार म्हणून अंगणात टाइल्स बसवल्या. देखरेखीला अच्युत होता, गंगाधरच्या डब्यातलं रोज खाणारा मित्र. आड येणारी तार त्याने कापू दिली, टोक भिंतीत खुपसलं आणि खड्डा बुजवला. आत माझ्या पायाशी मात्र तार तशीच हिरवीगार दिसत होती.

थोड्या दिवसांनी माझं दार पुसताना सरलाच्या बोटांना झिणझिण्या आल्या. तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने अच्युतला तारेबद्दल विचारलं.

"टाइल्सखालून जोडून घेतली ना मी. भरोसा नाही का माझ्यावर?"

भरोसा होता. गंगाधरने खिशातला टेस्टर काढलाच नाही. आठवड्याने तिने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, बघतो.

मित्रांनो, माझ्या आत एक वायर पत्र्याला घासत होती. एका सकाळी तिचं वरचं आवरण फाटलं. वीज माझ्या अंगभर पसरली, तिला उतरायला वाट नव्हती, बटणही पडलं नाही. सरला ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. तिने नेहमीसारखं माझं दार धरलं. ती पुन्हा उठली नाही.

तेरवी झाल्यावर गंगाधरने टाइल्स फोडल्या, कापलेलं टोक अच्युतसमोर धरलं. "हे जोडलं होतं तू?"

साहेब येणार होते, घाई होती, असं अच्युत खाली बघून म्हणाला.

गंगाधरने खड्डा उकरून तार पुन्हा जोडली. दर शनिवारी तो सरलाच्याच बादलीने खड्ड्यात पाणी ओततो. माझ्याकडे मात्र बघत नाही.

अच्युतने मला फसवलं आणि माझ्या हातून सरलाला. म्हणून सांगतो, मित्रांनो, तार दिसते एवढ्यावर जाऊ नका, तिचं दुसरं टोक बघा. कोणी झिणझिण्या येतात म्हणालं, तर आधी वीज बंद करा, मग विचारपूस करा.

सरलाने सांगितलं होतं. दोनदा.