पासिंगवाला

“मागं घे,” सरिता म्हणाली. “हिरोचं थोबाड सोड. त्याच्या मागं टपरीपाशी कोण उभंय ते दाव.”

निकिताने मोबाइलवरचा सिनेमा मागे घेतला. टपरीपाशी उभा होता तो भलताच कुणीतरी, चांगला चाळिशीचा. सरिताने मान हलवली आणि निकाल दिला, सिनेमा बरा हाय, पण त्यातला बाजार लवकर आटपला.

निकिता खालच्या मजल्यावरची. कॉलेज करता करता नवे सिनेमे बघायची आणि त्यांच्यावर आपली मतं झोडणारे व्हिडिओ टाकायची. पण सरिताकाकूंसारखी मतं तिला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार! प्रेमाचे सिनेमे काकूंच्या लेखी कुचकामी, कारण दोघंच गळ्यात गळे घालून बसतात आणि मागे रस्ता मोकळा. लढाईचा सिनेमा फसवा, सगळ्यांना एकसारख्या चिकटवलेल्या मिशा. भुताच्या सिनेमात तर माणूसच नाही, नुसतं घर आणि एक किंचाळणारी बाई. कौतुक केलं ते एका भिकार विनोदी सिनेमाचं, कारण त्यात जत्रा होती आणि ती चांगली लांबली होती.

हसू नका. बाईचा एकुलता एक पोरगा, सुयश, असल्याच गर्दीत कुठेतरी होता. नाशिकच्या आसपास शूटिंग लागलं की टेम्पोत भरून पोरं नेत, त्यात हा सगळ्यांच्या पुढे. तिथे करतोस काय, असं आईने विचारलं की म्हणायचा, “पासिंगला असतो, आई. हिरो बोलतो ना, तेव्हा त्याच्या मागून चालत जायचं.” सिनेमाचं नाव त्यालाही ठाऊक नसे. नाव नंतर पडतं, म्हणायचा, बारशासारखं. ते सिनेमे लागायच्या आतच घोटीजवळ एका ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवलं.

घरी आणला तो नखशिखांत बांधून. सरिताने तोंडावरचं फडकं सोडायला हात घातला, तर धाकट्या दिराने, पुंजाभाऊंनी, तिचं मनगट धरलं. नका बघू वहिनी, म्हणाले, हसरा होता तसा राहू द्या डोळ्यांत. भल्यासाठीच केलं त्यांनी, पण झालं उलटंच. हसरा चेहरा काही राहिला नाही, डोळे मिटले की ते गुंडाळलेलं फडकंच समोर यायचं. खानावळीत पोळ्या लाटताना दारात कुणाची सावली पडली की तिचा हात थांबायचा. तो गेला हे तिने कुठे पाहिलं होतं? एकदा त्याचं तोंड दिसावं, एवढंच मागणं होतं तिचं. म्हणून दुपारच्या पोळ्या उरकल्या की ती निकिताकडे यायची आणि परक्या गर्दीतून चालणारी पोरं न्याहाळत बसायची.

एक दिवस आली तेव्हा निकिता स्वतःच्याच नव्या व्हिडिओवर खुदुखुदू हसत होती. गावाकडच्या भाऊबंदकीचा तो सिनेमा दोघींनी मिळून पाहिलेला होता. त्यात म्हणे एक घोडचूक निघाली होती, लोकांनी ती नेमकी पकडली होती, आणि निकितानेही व्हिडिओत चांगलंच तोंडसुख घेतलं होतं. तिरडीवरचं प्रेतच श्वास घेत होतं.

सरिताला त्या सिनेमातल्या अंत्ययात्रेची, गल्लीतली गर्दी आठवत होती. तिरडीभोवतीचं एकूण एक तोंड तिने तेव्हा तपासलं होतं. तिरडीकडे मात्र बघितलं नव्हतं. पासिंगचा पोरगा तिरडीवर कशाला असेल?

“हे बघा ना काकू,” म्हणत निकिताने चित्र मोठं केलं.

कपाळाला गुलाल, नाकात कापूस, ओठांवर तुळशीचं पान. सुयश.

 लहानपणी एकदा तो ओसरीवर मेल्याचं सोंग घेऊन पडला होता, तेव्हा सरिताने त्याला बदडून काढलं होतं आणि मग रडत रडत मीठ-मोहऱ्या उतरवल्या होत्या. आता हे प्रेताचं काम तो घरी सांगणार कोणत्या तोंडाने? म्हणून म्हणाला, पासिंग. आणि ती वेडी चालणाऱ्यांतच शोधत बसली.

निकिताने काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे, आणि तो कोण ते तिला कळलं.

“काकू, मी आत्ता काढून टाकते तो व्हिडिओ. मला खरंच माहीत नव्हतं.”

“कशाला काढते? खोटं का बोलली तू?” सरिता म्हणाली. “घेतोयच की श्वास.”

मग पहिल्यापासून लावायला सांगितलं. चादरीखाली पोट हळूच वर येत होतं, हळूच खाली जात होतं, रविवारी दुपारी जेवून झोपायचा तसं. बायका रडत होत्या, कुणीतरी मडकं धरलं होतं, पण सरिताचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचा स्वतःचा श्वासही त्याच तालावर चालला होता. चार माणसं पुढे झाली आणि खांदा द्यायला वाकली.

“थांबव,” ती म्हणाली. “उचलायच्या आत थांबव.”

निकिताने थांबवलं. पोटही थांबलं.

सरिता बघत राहिली. पोट काही वर येईना. तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

“नको. नको गं,” ती म्हणाली. “चालू कर.”

पोट पुन्हा वर आलं. मग चौघांनी त्याला उचललं, आणि पोरगा पडद्याबाहेर जाईपर्यंत सरिता उभी राहून बघत राहिली.