पांढरी राहिलेली पट्टी

मी पेटी बोलतेय. नेकनूरच्या बुद्धविहारात, डाव्या भिंतीच्या कोनाड्यात, जुन्या सतरंजीखाली माझी जागा आहे. भात्यात वारा असेल तेवढंच बोलते. भाता आता विरलाय. पूर्वी एका दमात सांगून व्हायचं, त्याला आता मधेमधे थांबावं लागतं. तुम्हीही सावकाश ऐका.

माझा जन्म पुण्यातल्या एका अरुंद बोळातला. कारागिराने सागाच्या फळ्या जोडल्या, पांढऱ्या-काळ्या पट्ट्या बसवल्या आणि प्रत्येक पट्टीच्या आत एक पितळी जीभ ठेवली. भारी पेट्यांना पट्टीमागे दोन-दोन, तीन-तीन जिभा असतात. मला एकेकच. एक गेली की तो सूर गेला. ही गोष्ट तेव्हा कुणी मनावर घेतली नाही.

आश्रुबाकाकांनी मला गावात आणलं. काका पोस्टात नोकरीला होते. जयंतीला बाहेरून पार्टी आणायची नाही, गावातल्या पोरांचाच वाद्यवृंद उभा करायचा, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ढोलकी, बेंजो, दोन बासऱ्या, खंजिऱ्या आणि मी. सगळ्यांनी माझ्या सुराला आपला सूर मिळवायचा, हा काकांचा पहिला नियम.

सत्यशीला आली तेव्हा तिला बसून माझा भाता ओढता येत नव्हता. गुडघ्यांवर उभी राहून ओढायची. तिची आई, बायनाबाई, अंगणवाडीत मदतनीस. पोरीला घरी एकटं ठेवण्यापेक्षा विहारात बसलेली बरी, एवढाच हिशेब. मला वाजवणारा सुग्रीव चाकणच्या कारखान्यात लागला आणि मी तिच्या हाती आले.

त्याच वर्षी लिंबागणेशहून कार्यक्रम करून येताना टेम्पोत स्पीकरचं खोकं माझ्या अंगावर कलंडलं. दुसऱ्या दिवशी माझी मधली एक पांढरी पट्टी दाबली, तर आवाजच नाही. कोमल निषादाची पट्टी. काकांनी मला हलवलं, फुंकर मारली.

“बीडला न्यावी लागंल,” काका म्हणाले. “जयंती झाल्यावर नेऊ.”

“आन् तवर, काका?”

“तवर ती जागा सोडून दे. धैवतावर जरा थांब अन् फुडं जा.”

जयंती झाली. मग परीक्षा आल्या, मग लगीनसराई. माणसांचं ‘झाल्यावर’ कधीच होत नाही, हे मी तेव्हा शिकले.

सत्यशीला धैवतावर थांबायची, म्हणून बासऱ्याही थांबायच्या. गाणारी पोरंही थांबायची. जयंतीचा पाळणा म्हणताना कर्ण्यातून माझाच आवाज यायचा, तेव्हा गावातल्या बायकाही थांबू लागल्या. त्यांना वाटलं, वाद्यावर असंच असतं. हळूहळू ते थांबणं गाण्यातच मुरलं. मागून आलेल्या पोरांना तिथे कधी सूर होता हेही ठाऊक नव्हतं.

ती माझ्यासमोरच मोठी झाली. गुडघ्यांवर उभी राहायची ती मांडी घालून बसू लागली, दोन वेण्यांची एक झाली. शाळा सुटली की दप्तरासकट यायची. दहावीत गणित गेलं तेव्हा माझ्या झाकणावर डोकं टेकून रडली आणि नंतर ओढणीने झाकण पुसलं. तिच्या बोटांनी माझ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या, मधोमध खोलगट झाल्या. ती एक मुकी पट्टी तेवढी पांढरी राहिली.

ढोलकीवर तानाजी. गावातल्या मोठ्या बागायतदाराचा पोरगा. त्याचं विहारात बसणं वडिलांना फारसं पटत नव्हतं, पण ढोलकी इथे होती, म्हणून तोही इथेच. त्याच्या तोंडाला कधी लगाम नव्हता.

“सत्ये, तुझ्या पेटीला दात पडलाय बे.”

“तुझ्या डोक्याला कातडं ताणून बसवलंय, त्याचं काय?”

यंदा काका म्हणाले, “मला आता बारीक सूर ऐकू येत न्हाई. बीडची स्पर्धा झाली की हे पोरं तू सांभाळ. माझ्यानं होत न्हाई.”

सत्यशीलाने मान हलवली. मी पाहिली आहे ती मान. त्यात नकार नव्हता.

बीडला स्पर्धेत पेटी आयोजकांचीच होती. नवी, चकचकीत, सगळ्या जिभा शाबूत. मी रंगमंचाच्या कडेला पिशवीत. पोरांनी पाळणा म्हटला. चांगला म्हटला, एवढं मी आजही सांगेन. पण ती जागा आली, आणि धडधाकट पेटीवरही सत्यशीला थांबली. सगळे थांबले.

परीक्षक बाई वयस्कर होत्या. त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं, “गळे छान आहेत. पण तिथे कोमल निषाद आहे. तो तुम्ही कुणीच का घेत नाही?”

सगळ्यांनी सत्यशीलाकडे पाहिलं. शेवटी तानाजीच म्हणाला, “मॅडम, आमच्या पेटीला त्यो न्हाई.”

सभागृह हसलं. तानाजीही हसला. सत्यशीला हसली नाही. ती पट्ट्यांकडे बघत राहिली.

त्यानंतर तिने मला उघडलं नाही. पोरं यायची, खंजिऱ्या वाजवून जायची. माझ्यावरची सतरंजी धुळीने जड झाली. एकदा काका तिला घेऊन आले.

“काका, मला येतं तेच वाकडं हाय,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी ह्या पोरायला भोक शिकवलं. आता अजून कुणाला शिकवू?”

“वाकडं तर वाकडं. बंद पडण्यापेक्षा बरं.”

“मला जमनार न्हाई. दुसरं कुणी बघा.”

काकांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. दुसरं कुणी नव्हतं, हे त्या दोघांनाही माहीत होतं.

मग एक दिवस तानाजीने मला उचललं आणि एसटीत मांडीवर घेऊन बीडला गेला. नवी जीभ बसवून आणली. संध्याकाळी तिला विहारात बोलावलं आणि पोरांसमोर तिच्यापुढे मला ठेवून म्हणाला, “घे. बोलती केली.”

“कावून नेली? मी सांगितलं होतं का?”

“मी तिथं हसलो ना.” बस्, एवढंच. पुढे त्याने ढोलकीची दोरी ओढायला घेतली.

तिने मला उघडलं. पाळणा सुरू केला. ती जागा आली आणि तिचं बोट हवेत थांबलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. पट्टी शाबूत, जीभ शाबूत, पण बोट तिथे पडेना. पोरांचे गळेही थांबले. सवयीपुढे शहाणपण चालत नाही.

तिसऱ्यांदा मात्र त्या रिकाम्या जागेत एक बारीक आवाज पुढे गेला. एकटाच.

ती रूपाली होती. नुकतीच यायला लागलेली. धर्मापुरीला आजोळी वाढली होती, पाळणा तिथेच शिकलेली. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं तशी ती घाबरली.

“ताई, चुकलं का माझं?”

सत्यशीलाने तिला हाताने जवळ बोलावलं.

“न्हाई गं. चुकलो ते आमी. इकडं ये.”

तिने रूपालीला शेजारी बसवलं. “ह्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेव. बाकीचं मी वाजविते. ती जागा आली की दाब.”

भाता सत्यशीलाचा, गाणं सत्यशीलाचं, आणि एका जागी फक्त ते इवलं बोट. माझी नवी जीभ थरथरली. दारात काका कानामागे हात धरून उभे होते.

“लागला का गं?”

“लागला, काका.” आणि भाता न थांबवता ती पोरांना म्हणाली, “उद्या शाळा सुटली की सगळे या. पहिल्यापास्नं घेऊ.”

आता रोज तेच चालू आहे. सत्यशीलाचं बोट अजून अडतं, रूपालीचं अडत नाही. मी थकले आहे. भात्याला चिकटपट्टी लावली आहे, ती फार दिवस टिकणार नाही. मला नवी करा असं मी म्हणत नाही. एवढंच मागते, की माझं जे दुखतं ते ‘झाल्यावर’ बघू म्हणून सोडू नका. पोरं ते दुखणंही गाणं समजून पाठ करतात.

आणि ती पट्टी अजून पांढरी आहे. ती पिवळी पडेपर्यंत तरी माझ्यात वारा भरत राहा.