दहाच्या स्पीडचा ब्रेक

साहेब, आरटीओतून अपघाताची गाडी तपासायला आलात आणि ती एक फूटसुद्धा चालवली नाही. उभ्या गाडीत अर्धवट टेकून पेडल दाबलं, हँडब्रेक ओढून पाहिला आणि लिहून टाकलं: 'ब्रेक यंत्रणा सुस्थितीत, अपघात चालकाच्या चुकीने.' पाच मिनिटं लागली. त्यातलं एक शिक्का शोधण्यात गेलं. त्या पाच मिनिटांत तुम्ही नत्थूजीचं जे हिसकावून नेलं, ते परत आणायची ताकद संघपालच्या पान्यात नाही.

संघपालचं गॅरेज हिंगणा रोडवर. नत्थूजी त्याचं जुनं गिऱ्हाईक. एकतीस वर्षं कंपनीची बस चालवली, कोणाच्या सायकलला खरचटू दिलं नाही. रिटायर झाल्यावर चौदा वर्षं जुनी गाडी घेतली आणि तिला लेकीसारखी जपली.

फेब्रुवारीत तो पहिल्यांदा तक्रार घेऊन आला. "थांबता थांबता पुढं सरकते गा हे. पायाखाली पेडल फडफडते अन् गाडी दोन हात जातेच."

संघपालनं स्कॅनर लावला. काही नाही. एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा बंद. मग त्यानं गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली, साठच्या स्पीडला पाय गच्च दाबला. गाडी खुंट्याला बांधल्यासारखी उभी राहिली.

नत्थूजी तीनदा आला. तिन्ही वेळा स्कॅनर, तिन्ही वेळा साठचा ब्रेक. तिसऱ्यांदा संघपाल हसला.

"नत्थूजी, गाडीचं नाही जी, तुमच्या पायाचं सर्व्हिसिंग करा लागते."

"पाय ठणठणीत आहे माहा. तूच डोळे तपासून घे."

मे महिन्यात, भर दुपारी, नत्थूजी कंपनीच्या बसमागं गाडी थांबवत होता. कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी रुखमाबाई बसमधून उतरून मागच्या बाजूनं रस्ता ओलांडायला निघाली. बारा वर्षं ती नत्थूजीच्याच बसनं कामावर गेली होती. गाडीला स्पीड म्हणावा असा नव्हताच. थांबता थांबता ती दोन हात पुढं गेली. बाई बस आणि गाडीच्या मध्ये सापडली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली.

तुमची तपासणी झाली म्हणून गाडी नत्थूजीच्या अंगणात परत आली. संघपाल चार दिवस जेवला नव्हता. स्वतःचीच ती मस्करी घशात अडकली होती. पाचव्या दिवशी त्यानं चावी मागितली आणि या वेळी नत्थूजी सांगत होता तसंच केलं. गल्लीत दहाच्या स्पीडनं, हलका पाय ठेवून, थांबता थांबता. आठव्या फेरीला पेडल फडफडलं. गाडी सरकली.

चाक उचलून त्यानं बॅटरी मारली. आत एक्सलवर दात असलेली लोखंडी रिंग असते. चाक फिरतंय की जाम झालंय, हे सेन्सर त्या दातांवरून ओळखतो. रिंगखाली गंज फुगला होता आणि रिंगला केसाएवढी चीर पडली होती. गाडी जोरात असली की कळत नाही. हळू झाली की त्या चिरेपाशी सेन्सर फसतो, चाक जाम झालं समजून एबीएस ब्रेक सोडून देतं. माणूस दाबून राहिला, गाडी सोडून राहिली. अशा फॉल्टमध्ये दिवा लागेलच असं नाही.

रिंग काढायला दहा मिनिटं पुरली असती. संघपालनं हात लावला नाही. त्याला वाटलं, मी काढली तर म्हणतील, यानंच फोडली. सरकारी माणसासमोर निघू दे. त्यानं फोटो काढले, गाडीवर ताडपत्री टाकली आणि तुमच्या ऑफिसात फेरतपासणीचा अर्ज दिला.

"फोटो कोणत्याही गाडीचा असू शकते," खिडकीतला कारकून म्हणाला.

"म्हणून तं म्हणतो, येऊन पाहा ना जी."

"साहेब ठरवतीन. जा तुम्ही."

संध्याकाळी तो नत्थूजीकडे गेला. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"तुमची चूक नाही नत्थूजी. माही आहे. तुम्ही ब्रेक दाबला होता."

"साहेबानं लिहिलं ना, ब्रेक चांगला आहे म्हणून."

"त्यानं चालवून पाहिलीच नाही."

"साहेब काहून खोटं लिहीन गा?" नत्थूजी पायाकडे बघत राहिला. "मीच दाबला नसन. मले वाटते दाबला. तूच म्हणे ना, पाय म्हातारा झाला म्हणून."

एकतीस वर्षं सही-शिक्क्याच्या कागदाच्या भरवशावर बस बाहेर काढलेला माणूस. त्यानं स्वतःच्या पायापेक्षा तुमच्या कागदावर विश्वास ठेवला.

अकरा दिवस संघपाल खिडकीवर जात राहिला. बाराव्या दिवशी अंगणात ताडपत्री घडी घालून ठेवलेली दिसली.

"भंगारवाल्याले देऊन टाकली," नत्थूजी म्हणाला. "डोळ्यासमोर नको."

संघपाल धावत भंगाराच्या आवारात गेला. गाडीचा कधीच चेंदा झाला होता. अशा चेंद्यांचा माणसाच्या उंचीएवढा थर, त्यात ती कोणती हेही सांगता येईना. वकिलानं नत्थूजीला गुन्हा कबूल करायला सांगितलंय. तोही मान डोलावतो. रात्रंदिवस उजवा पाय जमिनीवर दाबून पाहत बसतो, सोडतो, पुन्हा दाबतो.

आज संघपाल परत खिडकीवर होता. कारकून म्हणाला, आता गाडीच नाही तर अर्ज निकालात निघाला. मागं दार उघडं होतं आणि तुम्ही आत बसला होतात. संघपाल दारात जाऊन उभा राहिला.

"साहेब, तुम्ही याल म्हणून मी ते रिंग काढली नाही. अकरा दिवस तुमच्या भरवशावर ठेवली. त्या अकरा दिवसांत तुम्ही काहून आले नाही, हे आता तुम्ही चाला अन् नत्थूजीले तोंडानं सांगा. येता का नाही?"