सापडलेली खोकडं

मी चौथी शिकलोय, तीही ढकलत ढकलत. पण खोकडाचं कातडं आतल्या अंगानं चाचपलं की सांगतो, गोळी कुठून शिरली, कुठं फुटली आणि मारणारा घाईत होता का नाही. तीस वर्षं दुसरं केलंय काय मी?

आमचं घराणं कोल्हापूरकडचं, चपला करणारं. मी हॅम्बर्गला आलो तो मात्र आचारी म्हणून, अल्टोनातल्या एका हॉटेलात. हॉटेल दोन वर्षांत बुडालं. शेजारी टीमान नावाचा म्हातारा केसाळ कातडी कमवायचा, टोप्या-कॉलरी शिवायचा. एकदा त्याच्या हातातली सुरी बघून माझ्यानं राहवेना. म्हटलं, "अशी धरलीत तर अंगठा जाईल." जर्मन तेव्हा चार वाक्यांचं, मग घरून चामडं कापायची रापी आणून हातानंच दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्याकडं कामाला.

इथलं खोकड आपल्या माळावरच्यापेक्षा मोठं, तांबडं. फुक्स म्हणतात त्याला. थंडीत केस असा दाट येतो की बोट बुडतं. जमिनीवर अंडी घालणारी पाखरं वाचावीत म्हणून शिकारी दर हिवाळ्यात काही खोकडं मारतात. आणि मारून बहुतेक पुरून टाकतात, कारण गोळीनं कातड्याची पार चाळण झालेली असते. मला ते बघवत नाही. जनावर मारलंच तर त्याचं काही वाया घालवू नये, हे आमच्या घरात बोलून दाखवायचीही गरज नव्हती.

माझी पोरगी सुकन्या. जन्म इथला, शिक्षण पूल बांधायचं. अठ्ठावीस वर्षांची झाली आणि हिनं शिकारीची परीक्षा दिली. पास! माझ्या बायकोनं, शुभानं, कपाळाला हात लावला. "महाराष्ट्र मंडळातल्या पोरी भरतनाट्यम शिकतात आणि आमची ही बंदूक घेऊन निघाली."

"आई, आल्झो, मी दोन्ही करू शकते," सुकन्या मधेच जर्मन घुसवत म्हणाली.

"नाचलीस की बोलव मला."

परीक्षा पास झालं म्हणून रान मिळत नाही. हॅम्बर्गच्या दक्षिणेला हार्म्स म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्याकडं शिकारीचं मोठं रान. लोक तिथं परवान्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. त्यानं सुकन्याला पाहुणी म्हणून यायला सांगितलं आणि अट घातली. "जानेवारी संपायच्या आत दोन खोकडं आण, ज्यांच्या कातड्याला तुझ्या बापाला टाका घालावा लागणार नाही. मग परवाना देतो."

पोरीनं मनावर घेतलं. रात्रंदिवस तेच.

पहिलं खोकड डिसेंबरात. दुकानदारानं दिलेली सगळ्यात हलकी, सगळ्यात जोरात जाणारी गोळी. चाळीस पावलांवरून मारली, ती नेमकी खांद्याच्या हाडावर. खोकड जागेवर गेलं, पण भोक असं की चहाची बशी बसावी.

मी म्हटलं, "पोरी, शिकार केलीस का कुकर फुटला?"

ती चिडली. "अप्पा, तुम्ही आयुष्यात कधी बंदूक धरलीय?"

"नाही. पण भोक तू एकच बघितलंस, मी हजारो."

रविवारी तिला वर्कशॉपवर नेलं. तीस कातडी केस खाली करून मांडली. "हे बघ, फाटलेलं. हे बघ, फाटलेलं. आणि हे? आरीनं टोचल्यासारखं एक इकडं, एक तिकडं. कुठली गोळी ही?"

"फोलमांटेल," ती म्हणाली. म्हणजे पूर्ण धातूनं मढवलेली, टोक न फुटणारी. आरपार सरळ निघून जाते.

"मग झालं तर! हीच घे."

ती जरा घुटमळली. परीक्षेत काहीतरी वेगळं शिकवलेलं असावं. पण बापाचा तीस वर्षांचा हात, आणि मीही असा छाती काढून उभा. घेतली तिनं तीच.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं दुसरं खोकड मारलं. घरी आली ती दुपारी. कातडं मी स्वतः काढलं. काय सांगू, दोन टिकल्या! केसांवरून हात फिरवला तर लागायच्यासुद्धा नाहीत. मी ओरडलो, "वा गं माझी वाघीण!"

ती उभीच. बूट चिखलानं भरलेले, तोंड उतरलेलं.

"अप्पा, ते पडलं नाही. गोळी खाऊन बोरूच्या बेटात पळालं. शेजारच्या गावातल्या बाईंचा माग काढणारा कुत्रा आणावा लागला. अडीच तास शोधत होतो. आणि सापडलं तेव्हा जिवंत होतं."

मी पुन्हा त्या दोन टिकल्यांकडं बघितलं.

"तुमच्या टेबलावर येतात ती फक्त सापडलेली खोकडं. या गोळीनं जी झाडीत जाऊन दोन दिवसांनी मरतात, त्यांची कातडी कुणी आणतं का तुमच्याकडं?"

खरं सांगतो, मी रापी खाली ठेवली. तीस वर्षं मी कातडी वाचत होतो आणि स्वतःला लई शहाणा समजत होतो. जी कधी आलीच नाहीत, त्यांचा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. पूल बांधणाऱ्या पोरीनं एका वाक्यात दाखवलं.

"चुकलो," मी म्हटलं. पोरीसमोर हा शब्द पहिल्यांदाच काढला असेल.

"मी पण चुकले. मला माहीत होतं थोडं. तुम्ही एवढं ठासून बोललात ना..."

मग मी कातडी आणून देणाऱ्या शिकाऱ्यांना एकेक करून फोन लावले. पहिला प्रश्न, कुठली गोळी? दुसरा, किती पावलांवरून? आणि तिसरा नवा, न सापडलेली किती? तिसऱ्या प्रश्नाला दोघांनी फोन आपटला. बाकीचे बोलले. सुकन्या शेजारी बसून लिहून घेत होती. चार दिवस हेच. त्यातून जे निघालं ते असं: बंदूक तीच, पण गोळी मऊ नाकाची, जरा सावकाश जाणारी. बारीक भोकानं आत शिरते, फुफ्फुसात उघडते आणि आतच राहते. खोकड तिथंच पडतं. दुसऱ्या अंगाला काहीच नाही. पण त्यालाही अट आहे. खोकड आडवं, म्हणजे कूस आपल्याकडं करून उभं पाहिजे, ऐंशीएक पावलांवर, आणि गोळी खांद्याच्या जरा मागं. हाडावर बसली की कुठलीच गोळी शहाणी राहत नाही.

गोळी बदलली की बंदुकीचा नेम सरकतो. सुकन्या दोन आठवडे शनिवार-रविवार चांदमारीवर जाऊन कागदं फोडत बसली.

एकोणतीस जानेवारीला सकाळी मचाणावर मी तिच्याबरोबर होतो. कानटोपीतून वारा आत येत होता. उजाडता उजाडता खोकड आलं. ऐंशी पावलं असतील, पण सरळ आमच्याकडं तोंड करून उभं. मी कुजबुजलो, "मार की!"

"श्श."

ते दोन पावलं चाललं. बसलं. पाय चाटला. माझा जीव टांगणीला, आणि ही पोरगी दगडासारखी. मग गवतात उंदीर हलला असावा, खोकड कान टवकारून आडवं वळलं. एकच आवाज आला. ते होतं तिथंच पडलं, शेपटीसुद्धा हलली नाही. घरी मला भोक सापडेना! शेवटी केसांवर फुंकर मारत मारत शोधलं.

एकतीस तारखेला दोन टिकल्यांचं आणि हे नवं, अशी दोन्ही कातडी हार्म्सच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्यानं उलटी केली, सुलटी केली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. मान हलवली. खिशातून परवान्याचा कागद काढला, पेन काढलं.

आणि ही म्हणते, "हे दोन टिकल्यांचं धरू नका."

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिनं काढून घेतला. बोरूचं बेट, कुत्रा, अडीच तास, सगळं सांगून टाकलं. "कातडं चांगलं आहे. पण मारणं चांगलं नव्हतं."

हार्म्सनं सगळं ऐकून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं. "दोन म्हणजे दोन," म्हणाला आणि कागद परत खिशात.

गाडी रस्त्याला लागली. मग म्हटलं, "तुला गप्प बसता येत नव्हतं?"

"तुम्हाला आलं असतं?"

"आलं असतं म्हणजे काय! गप्पच बसलो होतो की."

ती एवढी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता रडलीही जरा. मी दुसरीकडं बघत होतो, पण छाती अशी भरून आली होती, काय सांगू. कागद नाही तर नाही, पोरगी अस्सल निघाली.

फेब्रुवारीत हार्म्सचा फोन आला. गावातल्या खानावळीत शिकाऱ्यांची बैठक आहे, बापाला घेऊन ये, तिन्ही कातडी आण. गेलो. हिरव्या जाकिटातली वीसबावीस माणसं, समोर बियर. हार्म्स उठला आणि एवढंच म्हणाला, "ऐका."

सुकन्यानं सुरुवात केली, ती माझ्या चुकीनं नाही, स्वतःच्या. मग मी उठलो. माझं जर्मन मोडकंतोडकं, पण कातडं हातात असलं की मला शब्द कमी पडत नाहीत. बशीएवढं भोक दाखवलं. मग दोन टिकल्या दाखवल्या. सगळे "आहा" म्हणाले. मी म्हटलं, "हं! मीपण असाच आहा म्हणालो होतो. आता सांगा, तुमची न सापडलेली किती?"

एकदोघांनी ग्लास खाली ठेवले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं आधी हात वर केला. "तीन," तो म्हणाला. "या हिवाळ्यात." मग दुसरा. मग एक बाई. कुणी मला हसलं नाही.

शेवटी तिसरं कातडं हातोहात फिरलं. जो तो केस फुंकून भोक शोधतोय. हार्म्सनं सगळ्यांसमोर सांगितलं, "येत्या नोव्हेंबरपासून परवाना घेऊन ही माझ्या रानात असेल. अट-बिट काही नाही." एकानं विचारलं, गोळी नक्की कुठली. सुकन्यानं तोंड उघडलं, थांबली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही सांगा."

मग काय, सांगितलं मी. तासभर सांगितलं. बियर कोमट झाली लोकांची.