चांगुणाबाईनं ओढलं

कन्नड मुलखातल्या विद्यापीठात, मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापायला चांगुणाबाई उदगीरहून आली, त्याला आठच दिवस झाले होते. कन्नड तिला 'ऊटा झालं का', म्हणजे जेवण झालं का, एवढंच यायचं. त्यात त्या दिवशी आग लागल्यावर काय करायचं, याची तालीम निघाली. पाहुणे म्हणून आलेल्या कुलसचिवांचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्यांना चाकाच्या खुर्चीतच सभागृहात पुढं बसवलं होतं.

सुरक्षा अधिकारी मल्लप्पा म्हैसूरकडचे. त्यांनी कोपऱ्यात धूर केला, शिट्टी फुंकली आणि गरजले, "ओडी! ओडी!"

दोनशे पोरी आणि झाडून सगळे प्राध्यापक दाराकडं सुटले. चांगुणाबाईला मात्र ऐकू आलं, ओढी. आता ओढायचं काय? तिनं इकडंतिकडं बघितलं, तर ओढण्याजोगं एकच सामान मागं राहिलेलं. तिनं पदर खोचला आणि कुलसचिवांना खुर्चीसकट दडदडत ओढत नेऊन थेट बाहेरच्या गुलाबाच्या वाफ्यात घातलं.

मल्लप्पांनी कपाळावर हात मारला आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "अक्का, ओडी म्हणजे पळा!"

"मग मराठीत सांगावं न्हवं! मला वाटलं, ओढाच म्हणायलाव."

सगळे खो खो हसले. अंगातले काटे काढणारे कुलसचिव तेवढे हसले नाहीत. आपल्याआधी बाहेर पोचलेल्या एकेका प्राध्यापकाकडं ते नुसते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सहीची पाटी दारावर लागली: "आग लागली तर ओडी. पण आधी ओढा."