चॅपेलच्या सज्जात

वेन्डेल प्रुइट बोलायला उभा राहिला की अख्खं कॉलेज कान देऊन ऐकायचं. १९३५च्या वसंतात ओहायोतल्या त्या लहानशा कॉलेजात त्याने एकच घोशा लावला होता: मागच्या लढाईत बाप गेले, पुढच्या लढाईत आम्ही जाणार नाही. मतदान घेतलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी त्याच्या बाजूने चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी टाकायला काय जातं? तिच्यावर नाव थोडंच लिहायचं असतं!

खरी कसोटी होती एप्रिलातल्या युद्धविरोधी संपाची. देशभरचे विद्यार्थी अकरा वाजता उठून बाहेर पडणार होते, आणि इथे नेमकी अकरालाच चॅपेलमध्ये सक्तीची प्रार्थना. प्रत्येकाची जागा ठरलेली. वरच्या सज्जात बसून एक विद्यार्थी रिकाम्या जागा हेरायचा आणि डीनच्या कानावर घालायचा. यंदा तो मान वेन्डेलचाच होता.

"मग तर सोपंच झालं की!" लोरेना टिबेट्स म्हणाली. विषारी वायूने छाती जळालेल्या सैनिकाची ही मुलगी फीमाफीवर शिकत होती. "घंटा झाली की तू सज्जातून खाली उतर. तुला बघून सगळे उठतील. वर हेरायला मग कोण, भुतं?"

"पण तुझी फीमाफी?"

"सगळेच उठल्यावर कुणाकुणाची काढतील? तू तेवढा उतर म्हणजे झालं."

"उतरतो. शब्द दिला."

संपाच्या दिवशी घंटेच्या जरा आधी डीन गार्लंड जिना चढून वर आले आणि वेन्डेलच्या शेजारी उभे राहिले. आरडाओरडा नाही, धमकी नाही. "प्रुइट, वकिलीच्या प्रवेशासाठी तुला माझी शिफारस हवी होती ना? आज लिहायला बसतो," एवढंच म्हणाले.

घंटा झाली. खालच्या शेकडो माना वर वळल्या. दार उघडं होतं, जिना चार पावलांवर होता, आणि वेन्डेल जागचा हलला नाही. कारणंही त्याने झटपट जमवली. आपण इथेच बसलो आणि कुणाचं नाव घेतलं नाही, तर सगळेच वाचतील! भेकड माणसाकडे कारणांची वानवा कधीच नसते.

लोरेना उठली. वर बघत क्षणभर थांबली, मग मधल्या वाटेने चालू लागली. तिच्यामागून चारपाचजण गेले. बाकीच्यांचे डोळे सज्जाकडे होते. तो बसलेला दिसला, म्हणून तेही बसून राहिले.

"पहिली उठली ती कोण रे?" डोळे बारीक करत डीननी विचारलं. "मला इथून नीट दिसत नाही."

ठाऊक नाही म्हणता आलं असतं.

"टिबेट्स, सर," वेन्डेल म्हणाला. आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला, आणि त्यानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात डीनचं म्हणणं छापून आलं: चार टाळकी सोडली तर आमच्या विद्यार्थ्यांचं मत संपाच्या विरुद्धच आहे. त्याच दुपारी लोरेनाची फीमाफी गेली. ट्रंक घेऊन ती फाटकाशी बसची वाट बघत उभी होती. वेन्डेल शिव्या खायच्या तयारीनेच तिथे गेला. तिने दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"आलास? अरे, सगळे तुला नाही नाही ते बोलतायत. मी कडाकडा भांडले त्यांच्याशी. म्हटलं, डीननी अडवून धरलं असणार त्याला. जिन्याचं दार लावून घेतलं होतं ना रे?"

किती आशेने विचारत होती ती!

"हो," वेन्डेल म्हणाला.

"बघ! मला माहीतच होतं." तिचा चेहरा उजळला. "पण मग माझं नाव कुणी सांगितलं असेल?"

वेन्डेलने मान खाली घातली.

"राहू दे, नको सांगूस," ती म्हणाली. "तू कुणाचंही नाव घेणार नाहीस, ठाऊक आहे मला."

तेवढ्यात बस आली. तिने हात पुढे केला, आणि त्याने तो हातात घेतला.