हाल्व्हदानच्या खालची चौकट

"गाउते, हाल्व्हदान उघड जरा," राग्नफ्रिद म्हणाली.

राग्नफ्रिद आमच्या पेपरची संपादक. एरवी ती जागेवरूनच ओरडते. आज उठून गाउतेच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, आणि आवाजही खाली. म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय.

गाउतेने हाल्व्हदान उघडला. म्हणजे हाल्व्हदान नेसेटवरचा आदरांजलीचा लेख, काल संध्याकाळी त्यानेच वेबसाइटवर चढवलेला. वर नाव. मग उभा फोटो, त्यात हाल्व्हदान सरकारी जाकीट घालून गाडीला टेकून उभा. मग मजकूर. आमच्याकडे आदरांजली पेपरवाले लिहीत नाहीत. गेलेल्याचे मित्र लिहून पाठवतात, पेपर फक्त लावतो. हाल्व्हदानची त्याच्या जुन्या सहकाऱ्याने पाठवली होती.

"खाली जा," राग्नफ्रिद म्हणाली.

तो खाली गेला. मजकूर संपला. सहकाऱ्याचं नाव आलं. आणि त्याच्या खाली निळी चौकट.

तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल का?

हो, फार. थोडंफार. अजिबात नाही.

गाउतेचे कान तापले. त्याने मागे वळून बघितलं नाही.

"मी दाबून बघितलं," राग्नफ्रिद म्हणाली. "दाबल्याशिवाय तुझा हा डबा आकडे दाखवतच नाही. अडतीस टक्के लोक म्हणतायत, अजिबात नाही."

"ते फेरीबोटीचे आहेत."

"मला माहितीये फेरीबोटीचे आहेत. पेट्रोल पंपावरच्या लोकांना माहिती नाही. ते हसतायत. सोल्ब्यर्गलाही माहिती नसणार."

सोल्ब्यर्ग म्हणजे हाल्व्हदानची बायको.

गाउते काय काम करतो हे गावात कुणाला नीट सांगता येत नाही. त्याच्या आईलाही येत नव्हतं. तो पेपरात आहे म्हटलं की लोक विचारतात, काय लिहितोस? तो सांगतो, लिहीत नाही, जोडतो. बातमीदार मजकूर पाठवतात, फोटोवाला फोटो पाठवतो, आणि गाउते कॉम्प्युटरवर त्याचा लेख बांधतो. मथळ्याचा ब्लॉक, फोटोचा ब्लॉक, मधे कुणाचं तरी मोठ्या अक्षरातलं वाक्य, बाजूला माहितीची चौकट, कधी व्हिडिओ, कधी नकाशा. सोळाव्या वर्षी तो छापखान्यात गठ्ठे बांधायला लागला होता. छापखाना बंद झाला तेव्हा वर आला. हे सॉफ्टवेअर त्याला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकला. आता सेहेचाळीसचा आहे. हजारो लेख बांधले, एकावरही त्याचं नाव नाही. त्याची तक्रारही नव्हती. काम बरोबर असलं की तो दिसत नाही, एवढंच त्याला पुरायचं.

आणि नवीन लेख तो कधी कोऱ्यावरून सुरू करत नाही. कुणीच करत नाही. जुना लेख कॉपी करायचा, आतले ब्लॉक बदलायचे. अपघाताचा एक नमुना, फुटबॉलचा एक, नगरपालिकेचा एक. आदरांजलीचा नमुना म्हणजे त्याच्या वडिलांचा लेख. सहा वर्षांपूर्वी त्याने तो स्वतः बांधला होता, अगदी साधा. नाव, फोटो, मजकूर, बस. तेव्हापासून गावात जो कोणी गेला तो गाउतेच्या वडिलांच्या जागेवर जाऊन बसला.

एकटा हाल्व्हदान सोडून. हाल्व्हदानचा फोटो उभा होता. वडिलांच्या लेखात आडवा फोटो बसतो, उभा घातला की डोकं कापलं जातं. घरी जायची घाई होती. फेरीबोट बंद होणार त्या बातमीत उभा फोटो छान बसलेला, कप्तानाचा. त्याने ती कॉपी केली. कप्तान काढला, हाल्व्हदान टाकला. मजकूर बदलला. खालपर्यंत गेलाच नाही.

आणि निळ्या चौकटीतला तो कौलही त्याचाच. गावात सारखं काही ना काही बंद होत असतं. बँक गेली, पोस्ट गेलं, वरच्या वाडीतली शाळा गेली, आता पूल झाला म्हणून फेरीबोट. दर वेळी नवा कौल कोण बनवणार? म्हणून त्याने असा एक प्रश्न बनवून ठेवला की कशाच्याही खाली चालेल. राग्नफ्रिदने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं होतं. तिने गाउतेचं कौतुक केलेलं ते एकदाच.

त्याने निळी चौकट काढली. काढायला वेळ लागत नाही. राग्नफ्रिदने माफीच्या चार ओळी लिहून दिल्या, त्या त्याने पिवळ्या चौकटीत घालून लेखाच्या डोक्यावर लावल्या. आता तर ज्यांनी बघितलं नव्हतं तेही बघणार, असं त्याच्या मनात आलं. पण बोलायची सोय नव्हती.

"मी फोन करते तिला," राग्नफ्रिद म्हणाली.

"नको. मी जातो."

निघायच्या आधी त्याने एक गोष्ट केली. कौलाचं कुठलं मत कुठल्या पानावरून पडलं हे त्याला मागच्या बाजूने दिसतं. फेरीबोटीला लोक वैतागलेले होते, वेळेवर कधी यायचीच नाही, त्यामुळे 'अजिबात नाही' बहुतेक तिकडचीच. बहुतेक. सगळी नाही. हाल्व्हदानच्या पानावरून अकरा.

अकरा जणांनी हाल्व्हदानचा फोटो बघितला, आदरांजली वाचली किंवा नाही वाचली, आणि दाबलं.

हाल्व्हदान ड्रायव्हिंगच्या परीक्षा घ्यायचा. तीस-बत्तीस वर्षं तोच. गावातला एकही माणूस नसेल जो त्याच्या शेजारी घामाघूम होऊन बसला नाही. बोलायचा नाही, मांडीवरच्या कागदावर फुल्या मारायचा. गाउतेला त्याने दोनदा नापास केलं. दुसऱ्यांदा चर्चच्या उतारावर. गाडी मस्त लावली होती, हँडब्रेक ओढला होता. पण उतारावर लावली की पुढची चाकं फुटपाथकडे वळवायची, ब्रेक सुटलाच तर गाडी फुटपाथला अडते. ते राहिलं. हाल्व्हदान उतरला, चाकांकडे बघितलं, म्हणाला, "वसंतात ये परत." एवढंच. गाउते मान खाली घालून चालत घरी गेला होता.

सोल्ब्यर्ग स्वयंपाकघरात होती. टेबलावर मेणबत्ती, कॉफीचा थर्मास, आणि टॅब्लेट पालथा घातलेला. तिने गाउतेला बसायला सांगितलं, कॉफी ओतली, पुढे गोड धिरड्यांची बशी सरकवली. धिरडी शेजारून आलेली दिसत होती, कुणी हात लावलेला नव्हता.

"माझ्याकडून झालं ते," गाउते म्हणाला. "पेपरकडून नाही. माझ्याकडून."

"बरं," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं की सकाळीच तिने पाद्रीबाईंना फोन केला. शुक्रवारी अंत्यसंस्काराला फक्त घरचे. मुलगी, जावई, हाल्व्हदानचा भाऊ. नंतरचं कॉफीचंही रद्द, हॉलवाल्यांना कळवलं. हे ती बाजारात काय आणायचं ते सांगावं तसं सांगत होती. आमच्याकडे अंत्यसंस्काराला बोलावत नाहीत, गाव आपणहून येतं. दार लावून घेतलं तर लोक वर्षभर कुजबुजतात, की झालं काय नेमकं.

"तसं करू नका," तो म्हणाला. "ते आकडे त्यांचे नाहीतच." आणि त्याने सगळं समजावलं. चौकट एकच असते, दोन ठिकाणी दिसते. तिकडे पडलेली मतं इकडेही दिसतात. फेरीबोट. कप्तानाचा उभा फोटो. बोलता बोलता तो टेबलावर बोटाने चौकोन काढत होता. सोल्ब्यर्ग ऐकत होती, नळ दुरुस्त करणारा माणूस काय बिघडलंय ते सांगतो तेव्हा ऐकतात तशी.

"म्हणजे ते फेरीबोटीबद्दल."

"हो."

"सगळे?"

गाडीत येताना त्याने याचं उत्तर ठरवून ठेवलं होतं.

"सगळे."

सोल्ब्यर्गने टॅब्लेट सुलटा केला. पडदा काळाच होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला, धूळ पुसल्यासारखा.

"माझं एक आहे त्यात," ती म्हणाली.

गाउतेला कळलं नाही.

"काल जेवल्यावर वाचत बसले होते. चांगलं लिहिलंय त्याने, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग खाली हे. मला वाटलं आता पेपरवाल्यांची पद्धत असेल ही. आकडे दिसेनात. म्हणून दाबलं. अजिबात नाही, तेच दाबलं. राग आला होता मला त्याचा. न सांगता गेला, गॅरेजचं दार उघडं टाकून. आणि वर मलाच विचारतायत, चुकल्याचुकल्यासारखं वाटेल का."

थर्मासच्या झाकणातून वाफेचा बारीक आवाज येत होता.

"तेव्हा सगळे फेरीबोटीचे कसे रे होतील?"

गाउतेने कप उचलला, परत ठेवला. सकाळी ऑफिसात जे झालं ते काहीच नव्हतं. ती चूक होती. हे त्याने बसून, ठरवून, तिच्या टेबलावर तिची कॉफी पीत केलं होतं.

"अकरा," तो म्हणाला. "त्यांच्या पानावरून अकरा."

"माझं धरून?"

"धरून."

"म्हणजे दहा." ती खिडकीबाहेर बघायला लागली. दहा माणसं तिथे अंगणात उभी असल्यासारखी. "एका हिवाळ्यात याच्याहून जास्त नापास करायचा तो." हसली नाही. "तुलाही केलं होतं ना?"

"दोनदा."

"मग तू आहेस का त्या दहांत?"

"नाही."

हे खरं होतं. पण आवाज तोच निघाला, मघाचा 'सगळे' ज्या आवाजात निघाला होता. त्याचं त्यालाच ऐकू आलं. सोल्ब्यर्ग त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि तिने मानलं की नाही ते तिने सांगितलं नाही. परत एकदा नाही म्हणावं असं त्याला वाटलं. त्याने म्हटलं नाही.

दारापर्यंत ती सोडायला आली.

"तो पिवळा डबा पण काढ," ती म्हणाली. "माफीबिफी नको. हाल्व्हदान असू दे नुसता."

"संपादकांना विचारावं लागेल."

"मग विचार."

शुक्रवारचं काय, हे विचारायचं त्याच्या तोंडावर आलं होतं. विचारायला तोंडच उरलं नव्हतं.

राग्नफ्रिदने आधी नियम सांगितला. चूक केली तर माफी दिसायला हवी, निदान आठवडाभर. गाउते तिच्या टेबलासमोरून हलला नाही. मग तिने विचारलं, सोल्ब्यर्ग स्वतः म्हणाली का? तो म्हणाला, हो. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आज सगळेच त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"काढ," ती म्हणाली. "आणि तो प्रश्नही फेकून दे. लोकांना दर वेळी नवीन विचारू."

त्याने हाल्व्हदान पूर्ण उतरवला आणि वडिलांचा लेख कॉपी केला. वडिलांचं नाव पुसलं, हाल्व्हदानचं घातलं. फोटोचं डोकं कापलं जात होतं. त्याने ब्लॉकची उंची हाताने वाढवली, थोडी थोडी, डोकं आणि वर जरासं आभाळ मावेपर्यंत. तसं करायला काल दोन मिनिटंही लागली नसती. मग तो खाली गेला. शेवटची ओळ, सहकाऱ्याचं नाव, आणि पुढे पांढरं. तो पांढऱ्यातही खाली खाली जात राहिला, पान संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेसेट कुटुंबाची जाहिरात आली, अंत्यसंस्काराची. ती लावायचं कामही त्याचंच. चर्च, वेळ, नंतर हॉलमध्ये कॉफी. फक्त घरच्यांसाठी, ही ओळ कुठे आहे का ते त्याने बघितलं. पुन्हा एकदा वाचलं. नव्हती.

शुक्रवारी तो जरा उशिराच निघाला. मुद्दाम. सगळे आत गेले की मागच्या बाकावर बसायचं आणि कॉफीच्या आधी निघायचं. चर्चजवळ जागा नव्हती. उतार वरपासून खालच्या धक्क्यापर्यंत गाड्यांनी भरलेला. पार शेवटी मासळीच्या गोदामाशी एक फट मिळाली, तिथे त्याने गाडी घातली आणि वर चालायला लागला. घंटा सुरू झाली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं.

अर्ध्या चढणीवर त्याचं लक्ष गेलं. आधी पेट्रोल पंपवाल्याच्या गाडीकडे. मग तिच्या पुढच्या. मग पुढच्या. मग तो रस्त्याच्या मधे आला आणि वरपर्यंत बघितलं.

सगळ्या गाड्यांची पुढची चाकं फुटपाथकडे वळवलेली होती. एकूण एक. जुन्या व्हॅनची, शाळेच्या हेडबाईंच्या गाडीची, कुणाच्या तरी ट्रॅक्टरचीसुद्धा.

घंटा थांबली. गाउते खिशात किल्ली चाचपत उभा राहिला. मग वळला आणि उतार उतरून परत गोदामापर्यंत गेला. दार उघडलं, आत बसला, स्टीअरिंग फिरवलं, चाक फुटपाथला टेकल्याचं हाताला कळलं.

मग त्याने उतरून वाकून बघितलं.